बेदाण्यांचा शिरा

ठमी टेबलावर आडवी पडली होती. कालपासून उलट्या होत होत्या आणि आज ती उठेनाच, म्हणून रिक्षा करून दवाखान्यात आणलं होतं.

"काका, परवा हिला काय दिलंत खायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिरा. बायकोच्या वर्षश्राद्धाचा. कावळा आलाच नाही, म्हणून ते पान ठमीपुढे ठेवलं. म्हटलं, तिचीच कुत्री, तिला पोचेल."

"बेदाणे होते त्यात?"

"भरपूर. बायकोला आवडायचे."

बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवला. "कुत्र्यांना बेदाणे विषासारखे असतात, काका. बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिच्या किडन्या बंद पडल्यात."

"एखादं इंजेक्शन?"

"आता एकच उरलंय. झोपेचं. तिचा त्रास थांबेल. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

गेल्या वर्षी दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवत नव्हता. लेकीचं लग्न करीन, तंबाखू सोडीन, सगळं म्हणून झालं. शेवटी मी म्हणालो, "ठमीला अंतर देणार नाही." तेव्हा कुठे शिवला. लेक रडता रडता हसली होती.

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही बाहेर थांबता का?"

"नाही. इथंच."

मी ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं एकदा शेपटी हलवली. बाईंनी सुई टोचली.

थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "झालं, काका."

तरी मी हात काढला नाही.