दहा डावे हात

इंदूरच्या मुली मैदानात उतरताना एकमेकींचे अंगठे पकडत होत्या. तळव्यावर तळवा आपटायचा, अंगठ्यात अंगठा अडकवायचा, जोरात ओढायचं आणि खांद्याला खांदा लावायचा. हिमानी उजवा हात पाठीमागे धरून ते बघत होती.

"या आपल्याशी पण असाच हात मिळवतील?" तिने विचारलं.

"काय माहीत यार," शेजारी उभी असलेली शीतल म्हणाली. "मागच्या मॅचला नुसती मूठ लावत होत्या. एक तर छातीवर हात ठेवून मान हलवत होती. यांची रोज नवीन फॅशन. तू मूठच पुढे कर ना."

"आणि समोरचीने पंजा दिला तर?"

शीतलने तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. हिमानीच्या उजव्या अंगठ्याबद्दल बुऱ्हाणपूरच्या संघात तिला एकटीलाच माहीत होतं. काल सरावात चेंडू अडवताना तो मागे वळला होता. सकाळपर्यंत बुडाशी सुजून निळा पडला. शीतलनेच त्यावर आपलं फाउंडेशन चोपडून दिलं आणि म्हणाली, "घे, अंगठ्याचं लग्न लागलं." तेव्हा दोघी हसल्या होत्या.

मंडपात कोलकात्याच्या एका फुटबॉल क्लबचे पाहुणे बसले होते. त्यांना गोलकीपर हवी होती, पगारी, दोन वर्षांच्या करारावर. आजचा सामना बघून ते परत जाणार होते. आज हिमानी गोलमध्ये दिसली नाही, तर पुन्हा दिसायची नव्हती.

तिने ग्लोव्ह्ज चढवले. आत अंगठा ठणकत होता, पण ग्लोव्ह्जवरून कोण किती दाबणार? हल्ली बरेच गोलकीपर ते घालूनच हात मिळवतात.

"हातमोजे काढ," प्रशिक्षक चुडामण सर मागून म्हणाले.

"सर, आता सगळे घालूनच..."

"सगळे म्हणजे कोण? समोरच्या पोरीला काय रबराचा हात देशील? काढ बेटा. द्यायचा तर माणसाचा हात द्यायचा."

सर लहान पोरांनाही चेंडूच्या आधी हात मिळवायला शिकवत. पहिल्या दिवशी तेवढंच शिकवत. हिमानी सात वर्षांची असताना त्यांच्याकडूनच शिकली होती. तिने ग्लोव्ह्ज काढून काखेत धरले.

बुऱ्हाणपूरच्या मुली ओळीत उभ्या राहिल्या आणि इंदूरची रांग चालत पुढे आली. भिंतीपलीकडे पॉवरलूमची खटखट चालू होती. हिमानीला वाटलं, ती आपल्या छातीतूनच येते आहे. रांगेत सगळ्यांत पुढे मृणाल होती. त्यांची कप्तान, आणि सगळ्यांत जास्त गोल मारणारीही तीच.

हिमानीने मूठ पुढे केली.

"मूठ काय करते? कोरोना गेला ना कधीचा!" मृणाल हसली. तिने ती मूठ उघडली, अंगठ्यात अंगठा अडकवला आणि ओढलं.

हिमानी ओरडली नाही. ओठ दातांखाली धरून ती तशीच उभी राहिली, फक्त डोळे भरून आले. मृणालचं हसू थांबलं. तिने हात सोडला, हिमानीच्या अंगठ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. तिथे फाउंडेशनचा पट्टा उमटला होता. तो तिने चड्डीला पुसला आणि मान वळवून मागच्या मुलीला हळूच म्हणाली, "इसको लेफ्ट देना."

मागच्या मुलीने डावा हात पुढे केला. हिमानीने आपला डावा दिला. त्या मुलीने तिच्या मागचीला सांगितलं. पुन्हा डावा हात आला. मग पुन्हा. कुणी नुसता टेकवला, कुणी हलकेच दाबला. एक तर शेवटी "बेस्ट ऑफ लक, दीदी" म्हणाली.

दहा डावे हात. हिमानी मोजत होती. या सगळ्या आपल्याला जपत होत्या की नेम धरत होत्या? चेंडू कुठल्या बाजूला मारायचा, ते आता अकराही जणींना ठाऊक होतं.

रांग मोडली. ती ग्लोव्ह्ज घेऊन गोलकडे पळाली. चुडामण सर कडेकडेने तिच्या आधीच तिथे पोचले होते. ते संतापले होते.

"काय लावलं होतं त्यांनी? एकजात सगळ्या डावा हात देऊन गेल्या तुला! आपल्यात कोणी कोणाला डावा हात देतं का? रेफरीलाच सांगतो मी."

"नको, सर!" ती इतक्या घाईने म्हणाली, की सर थबकले. "तशीच पद्धत आहे आता. नवीन आहे. गोलकीपरला डावा देतात."

"असं?"

"हो, सर."

सरांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या इंदूरच्या गोलकीपरकडे बघितलं.

"तिला तर शीतलने उजवा दिला," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनीच उजवा दिला."

हिमानीने उजवा हात ग्लोव्ह्जच्या मागे नेला. सरांनी तेही बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बरं. मग मलाही शिकव."

त्यांनी आपला डावा हात पुढे केला. हिमानीने त्यात आपला डावा ठेवला. सरांचा हात कोरडा, खरखरीत होता.

मैदानाच्या मध्यावर मृणाल चेंडूवर पाय ठेवून उभी होती. रेफरीने हात वर करून गोलकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली.

"सर, सोडा ना," हिमानी म्हणाली.

शिट्टी पुन्हा वाजली. मंडपातला एक पाहुणा उठून गोलकडे बघू लागला. सर तिच्या लपवलेल्या उजव्या हाताकडे बघत होते आणि डावा सोडत नव्हते.