अठराचा आकडा

"शंभराच्या आत असेल तर घाबरायचं कारण नसतं," मीटरबाई म्हणाल्या. "तुमचा आकडा अठरा आलाय."

समोर बसलेल्या सासूबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. सून टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

मीटरबाई म्हणजे हॉस्पिटलच्या भौतिकतज्ज्ञ. एक्स-रे आणि सीटी स्कॅनची यंत्रं किती किरण सोडतात ते मोजणं, हे त्यांचं काम. हातात सदा मीटर, म्हणून हे नाव पडलं आणि तेवीस वर्षांत खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. तळघरातल्या त्यांच्या खोलीकडे पेशंट फिरकत नसत. त्यांचा संबंध यंत्रांशी, आणि यंत्र कुरकुरलं तर इंजिनिअरला बोलावता येतं.

या दोघी मात्र खाली आल्या होत्या. महिन्यापूर्वी पोट दुखतंय म्हणून सुनेचा सीटी स्कॅन झाला. मागाहून कळलं, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. घरचे डॉक्टर म्हणाले, बाळाला किरण लागलेत, मोकळं करून घ्या. वरच्या मजल्यावरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, थांबा, बाळाला किती किरण लागले त्याचा आकडा आधी खालून येऊ दे.

मीटरबाईंनी सकाळपासून दोन यंत्रं तपासली होती. शिशाचा एप्रन घालून उभं राहून कंबरेचे तुकडे पडले होते. तरी जेवणाचा डबा बाजूला सारून त्यांनी हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा अठरा.

"म्हणजे बाळ धडधाकट होणार, असं लिहून द्या," सासूबाई म्हणाल्या.

"तसं कुणीच लिहून देऊ शकत नाही, आजी. या स्कॅनपायी बाळ काढायची गरज नाही, एवढं लिहून देते."

"तेवढंच हवं होतं. देव पावला! थांब ग, मुलाला फोन लावून येते. इथे मेली रेंज नाही." सासूबाई लगबगीने जिन्याकडे गेल्या.

मीटरबाईंनी कागद पुढे ओढला. या खोलीतून चांगली बातमी क्वचितच बाहेर जाई. सही करताना त्यांना दिवसभरात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"मॅडम," सून म्हणाली. आवाज इतका खाली की मीटरबाईंना पेन थांबवावं लागलं. "आकडा मोठा नाही का येऊ शकणार?"

"काय म्हणालात?"

"शंभराच्या वर. थोडासा." तिने दाराकडे पाहिलं. "धाकटी अकरा महिन्यांची आहे. मोठा अजून रात्रीचा तीनदा उठतो. मला आता होत नाही, मॅडम. घरात बोलायची सोय नाही. डॉक्टर मोकळं करा म्हणाले ना, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सगळ्यांना वाटलं, दुःखाने."

मीटरबाईंनी पेन खाली ठेवलं. मीटर चुकत असेल तर तो दुरुस्तीला पाठवता येतो. इथे मीटर बरोबर होता.

"आकडा मी बदलू शकत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. सहज विचारलं." सुनेने पर्स उचलली. इतकं थकलेलं 'सहज' मीटरबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

"बसा."

"नको, आई येतील."

"बसा म्हणते ना! मी वर फोन लावते. एकटीने डॉक्टरांशी बोलाल? मूल ठेवायचं की नाही, ते बोलणं तिथे करायचं. चालेल?"

सून पर्स छातीशी धरून पुन्हा खुर्चीत टेकली. मग तिने मान हलवली.

मीटरबाईंनी टेबलावरचा फोन ओढला. स्त्रीरोगतज्ज्ञांचा आवाज घाईत होता. बाहेर रांग असावी.

"बोला मीटरबाई, झालं गणित?"

"झालं. कागद पाठवते. पण पेशंटला आजच बघा, आणि एकटीला आत घ्या. सासूबाईंना बाहेर बसवा. तिची संमती आहे."

"का हो? आकडा जास्त आला का?"

जिन्यावर सासूबाईंच्या चपला वाजल्या. फोनवर खुशीत चाललेलं त्यांचं बोलणं खोलीपर्यंत आलं. सुनेने घाईघाईने डोळे पुसले आणि ओठांवर हसू आणून ठेवलं.

"आकडा उत्तम आहे, डॉक्टर," मीटरबाई म्हणाल्या. "बाई ठीक नाहीये."