कुरडयांची मुकी राखण

तासभर थोपटल्यावर चिनू कुठे मुक्ताच्या खांद्यावर झोपला, आणि नेमका तेव्हाच अंगणातल्या बाजेवर कावळा उतरला. बाजेवर सासूबाईंनी खपून घातलेल्या ओल्या कुरडया होत्या.

ओरडावं तर चिनू उठणार, उन्हात उतरावं तरी उठणार. मुक्ताने ओट्यावरूनच डोळे वटारले, दात विचकले, मोकळा हात गरागरा फिरवला. कावळ्याने मान तिरकी करून सगळा तमाशा पाहिला आणि एक कुरडई उचलली.

"अगं, राखणीला बसवलं तर नाचतेस काय?" सासूबाई दारातून कडाडल्या. चिनू चुळबुळला. त्यांनी चटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मग पदर खोचून त्याही अंगणात उतरून बाजेभोवती मुकाट उड्या मारू लागल्या. कावळ्याने टुणकन बाजेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन निवांत दुसरी कुरडई निवडली.

धापा टाकत त्या ओट्यावर परतल्या आणि मुक्ताच्या कानाशी कुजबुजल्या, "खाऊ दे मेल्याला! कुरडया पुन्हा घालता येतील. हा काही पुन्हा झोपायचा नाही."