दिवस बुडायच्या आत

तासगावच्या घरात बापलेक दोघंच. आर्जव वरच्या खोलीत बसून कंपनीचं काम करायचा. जिनदत्तअण्णांनी हौसेनं विचारलं, "काय लिवतोस रं दिवसभर?"

"कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात अटी जोडतो, अण्णा. 'किंवा'नं जोडल्या, तर एक खरी झाली तरी काम पुढं जातं. 'आणि'नं जोडल्या, तर दोन्ही लागतात. एक अडली की सगळं अडतं."

जैन नेमाप्रमाणं दिवस बुडाल्यावर अण्णा पाणीसुद्धा घेत नसत. बागेतनं लवकर येऊन त्यांनी दोन ताटं वाढली, हाक मारली.

"तुमी घ्या जेवून. मीटिंग हाय," वरून आवाज आला.

अंधार पडल्यावर आर्जव खाली उतरला. दोन्ही ताटं झाकलेली.

"अण्णा, जेवला न्हाई?"

"मी 'आणि' टाकलं हुतं रं."