मीटरकाकांची सही

अर्धवट उघडं दार ढकलून शेअर दलाल आत शिरला, तेव्हा बाहेरच्या खोलीत भर दुपारी काळोख होता. पडदे ओढलेले, दिवा बंद. जन्मभर वीज कंपनीचे शेअर घेणाऱ्या माणसाच्या घरात एक दिवा लागू नये, याचं त्याला हसू आलं.

"काका आहेत का?"

"हे वर गेले," खिडकीजवळच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या.

ओठांवरचं हसू लपवता लपवता दलालाची तारांबळ उडाली. मागे उंबऱ्याशी काकांच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. चपला राहिल्या आणि माणूस गेला, असं त्याच्या मनात आलं.

मीटरकाका हे नाव त्यांना बाजाराने ठेवलेलं. वीज, पाणी आणि गॅस सोडून दुसऱ्या कशाला ते हात लावत नसत. माणूस एक वेळ सिनेमा सोडेल, पण दिवा लावायचा आणि नळ उघडायचा थांबणार नाही, हे त्यांचं गणित. भाव गोगलगायीच्या चालीने सरकायचा, पण लाभांश न चुकता यायचा आणि निवृत्तीनंतर घर त्यावरच चालायचं. दलालाच्या हाती मात्र अशा गिऱ्हाइकाकडून काही लागत नसे. जो विकतच नाही त्याच्याकडून दलाली काय मिळणार, कप्पाळ?

मग पुतण्याने काकांच्या मागे लकडा लावला. हे म्हातारे शेअर विका आणि माझ्या ओळखीच्या नव्या कंपनीत सगळं घाला. ती कंपनी नेमकं करते काय, हे पुतण्यालाही धड सांगता येत नव्हतं. विक्रीची आणि खरेदीची अशी दुहेरी दलाली दिसल्यावर दलालानेही त्याची री ओढली. काका फोनवर दर वेळी एकच म्हणत, "हिला विचारून सांगतो." परवाही तेच म्हणाले. शेवटी आज तो स्वतःच कागद घेऊन आला होता. फक्त सही बाकी होती. या घरात तो किती तरी वर्षांनी येत होता.

"केव्हा?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळीच. चहा घेतला आणि गेले."

"काही त्रास झाला का?"

"गुडघ्यांचा काय तो. पण गेले बिचारे, माझं नाव घेत घेत."

काकूंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. असं होतं माणसाचं, दलालाने स्वतःला समजावलं. धक्का आत बसतो आणि वरून सगळं कोरडं राहतं. त्याने टेबलाचा आधार घेतला तर हाताला धूळ लागली. खोलीत विचित्र गारठा होता. बाहेर रस्त्यावर तर ऊन मी म्हणत होतं.

"कुणाला कळवलंत का, काकू?"

"त्यात कळवायचं काय, भाऊ?"

ही बाई भ्रमिष्ट तर झाली नाही ना, असं दलालाच्या मनात येऊन गेलं.

"ते वीजवाले विकू नका," काकू एकदम म्हणाल्या. "पाण्याचेही नका. पुतण्या गोड बोलतो, पण त्याच्या नादाने घर उघड्यावर येईल. यांच्याकडे दुसरं आहेच काय? हे भोळे आहेत. कुणी हातात पेन दिलं की सही करतात."

दलालाला शरमल्यासारखं झालं. खिशातल्या पेनावर त्याचा हात गेला आणि चटका बसावा तसा मागे आला.

"आता विकायचा प्रश्नच नाही, काकू. सगळं रीतसर तुमच्या नावावर होईल. मी स्वतः करून देतो, एक पैसा न घेता."

काकू बारीक हसल्या. "माझ्या नावावर? मला काय करायचेत आता?"

तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली.

कुणीतरी पाय ओढत वरच्या खोलीतून चालत होतं. मग जिना करकरला. एक पायरी, थोडं थांबणं, पुन्हा एक पायरी. दलालाच्या तोंडचं पाणी पळालं. तो दाराकडे सरकला.

"आले बघा," काकू म्हणाल्या.

जिन्याच्या अंधारातून एक हात कठड्यावर आला. पाठोपाठ चष्मा, आणि मग अख्खे मीटरकाका.

"अरे, तू? असा पांढराफटक का पडलास?" काकांनी दिवा लावला.

पिवळ्या उजेडात त्यांची सावली भिंतीवर नीट पडली. दलालाचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खाली बसला आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना.

"काका, कमाल आहे! मी विचारलं काका आहेत का, तर काकू म्हणाल्या, हे वर गेले. मला वाटलं, गेलात! मी इथे त्यांचं सांत्वन करत बसलो आणि तुम्ही आपले वरच्या मजल्यावर!"

त्याने हसत हसत खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. लाजून आत गेल्या असाव्यात.

"पण काकूंनी मला बजावलंय हं. वीजवाले विकायचे नाहीत, पाण्याचे विकायचे नाहीत आणि पुतण्याचं ऐकायचं नाही. ते कागद मी फाडूनच टाकतो."

काका हसले नाहीत. कठडा धरून ते शेवटच्या पायरीवर सावकाश बसले.

"सकाळपासून वर तिच्या फोटोपुढे बसलो होतो," ते म्हणाले. "विकू की नको, एवढंच विचारत होतो. ती गेल्यापासून रोज काही ना काही विचारतो, पण एका शब्दाने बोलत नाही."

त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"तुझ्याशी बोलली?"