हर्णेत लाल, रत्नागिरीत हिरवा

हर्णेच्या संगणकावर लाल रंग दिसतोय, असं राहीताईनं फोनवर सांगितलं आणि गुरुप्रसादनं आपला पडदा पुन्हा पाहिला. रत्नागिरीत, त्याच्यासमोरच्या पडद्यावर, हर्णेचाच समुद्र हिरवा होता.

मच्छीमार संस्थेसाठी हा प्रोग्राम त्यानंच तीन वर्षांपूर्वी लिहिला होता. नेटवरून वाऱ्याचे, लाटांचे आकडे घ्यायचे. धोका असला तर लाल, नसला तर हिरवा. पण तो चालायचा फक्त त्याच्याच संगणकावर. हर्णेची माणसं रोज सकाळी फोन करून रंग विचारायची. म्हणून महिनाभर खपून त्यानं सगळ्या कोडचा गुंता सोडवला, तो नीट लावला आणि कुणालाही आपल्या संगणकावर बसवता येईल असं वेगळं पॅकेज केलं. काल ताईनं ते हर्णेच्या शाखेत बसवलं. आज पहिलाच दिवस.

"काय रे गुऱ्या, तुझं बाळ पहिल्याच दिवशी रडायला लागलं?" ताई हसली. मग तिचा आवाज खाली आला. तिचा नवरा रामा आणि सहा खलाशी होडीत बसून होते. सोडायचं की थांबवायचं, एवढंच तिला हवं होतं.

जुन्या प्रोग्रामनं तीन वर्षांत दगा दिला नव्हता. पॅकेज मात्र शंभर ठिकाणी तोडून जोडलेलं, आणि तेही नुकतंच, गुरुप्रसादच्याच हातून. कुठं काही बिघडलं, तर ते आपल्याच हातून, अशी त्याची समजूत.

"पॅकेजात गडबड आहे, ताई. जुनाच खरा. जाऊ दे भावोजींना."

"नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडी सहसा नसे.

मग तो चूक शोधायला बसला. पॅकेजमधला वारा तपासला, बरोबर. लाटा बरोबर. धोक्याच्या मर्यादा बरोबर. एकेक ओळ बरोबर निघत गेली, तसतसा तो पुढची ओळ जास्त घाईनं वाचू लागला. त्यानं ताईला फोन लावला. होडी समुद्रातल्या किल्ल्यापलीकडे गेली, रामाचा फोन लागत नाही, आणि बंदरावर वारा सुटलाय, असं ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

शेवटी त्यानं जुना प्रोग्राम उघडला. नेटवरून आकडे आले नाहीत तर शेवटचे साठवलेले वापरावेत, अशी सोय त्यानं तेव्हा घातली होती. पॅकेज करताना ती काढून टाकली होती; पॅकेज ताज्या आकड्यांवरच रंग दाखवायचं.

हिरव्या रंगामागच्या आकड्यांवर गेल्या शनिवारची तारीख होती.