सर्व कर्मचाऱ्यांकडून

पुरुषासाठी कार्ड म्हटलं की सुलभा रंगीत कागदाची मिशी कापायची, फार तर टाय. या जमातीबद्दल त्याहून जास्त काही एकाही गिऱ्हाइकाला सांगता आलं नव्हतं.

"उद्या रिटायर होतोय," दुकानात आलेले साहेब म्हणाले. "हाताने केलेलं, झकास कार्ड हवं. आत लिहा, 'आमच्या लाडक्या साहेबांना, सर्व कर्मचाऱ्यांकडून.'"

म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची. सुलभाचा नवरा बावीस वर्षं याच साहेबांच्या हाताखाली शिपाई होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिने एक जाडजूड मिशी चिकटवली आणि कार्ड पुढे सरकवलं. "खाली सह्यांना जागा सोडलीय."

साहेबांनी तिच्याकडून चार रंगांची पेनं मागून घेतली आणि स्टुलावर बसून साऱ्या स्टाफच्या सह्या स्वतःच ठोकल्या, कुणाची तिरकी, कुणाची शेपटीवाली. शेवटच्या सहीला हात अडला.

"आमचा तो चहा आणणारा, त्याचं नाव काय बरं?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"राहू द्या, साहेब," सुलभा म्हणाली. "ते सही करणार नाहीत."